पालथ्या रुग्णाचं हृदय थांबलं, तर सोनोग्राफीचा प्रोब नेमका कुठे टेकवायचा?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

पावसाळा सरत आला की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी पट्ट्यातल्या आयसीयूंत लेप्टो, स्क्रब टायफस, डेंग्यू, न्यूमोनिया अशांमुळे एआरडीएस (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घेईनाशी होणं) झालेले रुग्ण येत राहतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पालथं घालावं लागतं. पालथं घालण्याबद्दलच्या २०१३ च्या प्रोसेव्हा अभ्यासानंतर एका फेरीला निदान १६ तास, हे आता सगळीकडे रुळलंय. म्हणजे दिवसाचे दोन तृतीयांश तास रुग्ण पोटावर. अरेस्ट झाला, म्हणजे हृदय थांबलं, तर तो याच वेळात होण्याची शक्यता जास्त, आणि आपला सोनोग्राफीचा सगळा सराव मात्र उताण्या रुग्णावरचा. सबझायफॉइड (छातीच्या हाडाखालची जागा) गादीखाली, पॅरास्टर्नल (त्या हाडाच्या बाजूची) गादीखाली, जांघेतली धमनीही गादीखाली. मग मशीन ओढत आणून करायचं काय?

दोन गोष्टी आधीच मांडतो, त्यावर वाद नको. श्वासनळीत ट्यूब नसलेला रुग्ण असेल तर पहिलं काम त्याला उताणा करणं, प्रोब नंतर. ट्यूब असेल, व्हेंटवर (व्हेंटिलेटरवर) असेल आणि लगेच वळवणं जमणार नसेल, तर पाठीवरच दाब सुरू करा. माणसं गोळा होईपर्यंत हातावर हात ठेवून उभं राहायचं नाही. वेग १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, आकडे तेच. ऑक्सिजन १०० टक्के. ॲड्रिनलिन १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी. डिफिबचे (शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड दोन्ही काखांखाली, नाहीतर एक पुढे आणि एक पाठीवर.

आता सोनोग्राफी. माझा क्रम असा: आधी पाठीवरून फुप्फुसं, मग मानेतली धमनी, मग गुडघ्यामागची शीर, आणि हृदय सगळ्यात शेवटी. उलटं वाटेल, पण कारण सरळ आहे. पहिल्या तिन्ही जागा पालथ्या रुग्णात आयत्या उघड्या मिळतात.

फुप्फुसं: हवा वर जाते. उताण्या रुग्णात न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साचलेली हवा) छातीच्या पुढच्या बाजूला शोधतो, पालथ्यात तो पाठीवर येतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाच्या आसपास जो भाग सगळ्यात उंच असेल तिथे प्रोब उभा धरा. याउलट छातीतलं पाणी पुढे, गादीकडे उतरतं. ते पाठीवरून दिसलं नाही म्हणजे नाही असं समजू नका, काखेच्या रेषेतून खाली बघा.

मान: तोंड ज्या बाजूला वळलेलं असतं त्या बाजूची मान वर येते. लिनिअर प्रोब, खोली ३ ते ४ सेंमी, थायरॉइड कूर्चेच्या पातळीला बाजूने आडवा.

गुडघा: उताण्या रुग्णात पॉप्लिटिअल शीर बघायला पाय वाकवून धरायला एक माणूस लागतो. इथे ती समोरच आहे. मागून बघताना शीर वर, धमनी तिच्या खाली. दाबली आणि शीर पूर्ण मिटली नाही तर आत गुठळी आहे. हे काम दाब चालू असतानाच होतं, कुणालाही थांबावं लागत नाही.

हृदयाबद्दल जाणकारांनी लिहावं. मी फक्त एवढंच म्हणतो की ते शेवटी.

भूलदेणारा

क्रम पटला. पण खरा गुन्हेगार खिडकी (हृदय दिसेल अशी प्रोबची जागा) नाही, दाब थांबवणं आहे, आणि धाग्यात ते आलं नाही. २०१७ च्या एका अभ्यासात (उताणे रुग्ण) सोनोग्राफी न करता पल्स चेकला (नाडी बघायला दाब थांबवतात त्या पॉजला) सरासरी १३ सेकंद लागत होते, सोनोग्राफीसकट २१. ठरलेली मर्यादा १०. म्हणजे प्रोब नसतानाही आपण लांबवतोच, प्रोब आला की मर्यादेच्या दुप्पट. पालथ्यात खिडकी अवघड, म्हणजे हात आणखी चाचपडणार.

यावरचे उपाय सगळ्यांना माहीत असतात आणि ऐनवेळी कुणी करत नाही. जेल प्रोबवर आधीच. प्रोब जागेवर आधीच, दाब चालू असतानाच. एक माणूस मोठ्याने सेकंद मोजणारा, आणि तो आकडा दहा झाला की चित्र कसंही असो, दाब सुरू. क्लिप सेव्ह करायची आणि दाब चालू झाल्यावर बघायची. पॉजमध्ये स्क्रीनकडे बघत "अजून जरा, अजून जरा" म्हणणारा माणूस रुग्णाला मारतो. प्रोब धरणारा आणि टीम लीडर हे एकच डॉक्टर कधीच नसावेत.

आणि एक नियम: एका पॉजला एकच प्रश्न. हृदय बघायचं तर श्वास द्यायचा नाही, कारण श्वासाने हृदय हलतं आणि हालचाल आहे असा भास होतो. फुप्फुस बघायचं तर श्वास द्यायलाच हवा, नाहीतर स्लायडिंग (श्वासागणिक फुप्फुसाचं सरकणं) दिसणार कुठून? मिनिटाला १० श्वास म्हणजे दर ६ सेकंदांनी एक. श्वास देणारी बॅग धरणाऱ्याला सांगून पॉजच्या दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला श्वास द्यायला लावा. दोन्ही प्रश्न एकाच पॉजला विचारले की दोन्ही उत्तरं चुकतात.

मलप्रभाकाठ

+१. 'एका पॉजला एकच प्रश्न' हे क्रॅश कार्टवर चिकटवण्यासारखं आहे.

फुप्फुसाबद्दल एक भर. स्लायडिंग नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स, हे एआरडीएसमध्ये चालत नाही. कडक झालेलं फुप्फुस मुळातच सरकत नाही. ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या नळीत) घुसली असेल तर डावीकडे स्लायडिंग नसतं. एरवी अशा वेळी लंग पल्स बघून सुटका होते, हृदयाच्या ठोक्याने प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) थरथरतो. पण इथे ठोकाच नाही! त्यामुळे अरेस्टमध्ये लंग पल्सचा आधार उरत नाही. उरतात बी-लाइन्स, प्लुरापासून खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा. जिथे बी-लाइन दिसली, त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही, विषय संपला. आणि दाब चालू असताना दिसणारं 'स्लायडिंग' मोजू नका, अख्खी छातीच हलत असते.

ईको_गल्ली

हृदयाची खिडकी. पालथ्यात व्यवहारात एकच मिळते: डावीकडची एपिकल (हृदयाच्या टोकाकडून), चारही कप्पे दाखवणारी. ती मिळण्यासाठी स्थिती अशी लागते. डावा हात वर डोक्याशी, पोहणाऱ्यासारखा, तोंड डावीकडे. छातीखालची उशी डाव्या बाजूने थोडी आत सरकवलेली, म्हणजे डाव्या छातीची कड अधांतरी राहते. एअर गादी असेल तर छातीच्या पट्ट्यातली हवा कमी करता येते. मग फेज्ड ॲरे (हृदयाचा) प्रोब खालून नव्हे, बाजूने, ॲन्टीरिअर ते मिड ॲक्झिलरी रेषेच्या (काखेची पुढची कड ते मध्य) दरम्यान, साधारण पाचव्या-सहाव्या बरगडीच्या फटीत. प्रोबचं निशाण रुग्णाच्या डावीकडे, आणि त्या वळणावर डावीकडे म्हणजे पाठीकडे, म्हणजे पालथ्या रुग्णात छताकडे. इथे हमखास चूक होते. उताण्या रुग्णात त्याच जागी निशाण गादीकडे असतं, हाताला तीच सवय, आणि उजवं-डावं उलटं दिसून डाव्या व्हेंट्रिकलला (हृदयाच्या खालच्या कप्प्याला) 'फुगलेलं उजवं' म्हटलं जातं. प्रोबची शेपूट गादीकडे नेऊन किरण उजव्या खांद्याकडे वळवा. खोली १६ ते १८ सेंमी.

बघणारा डाव्या बाजूला गुडघे टेकून बसतो, दाब देणारा वरून. उताण्या रुग्णात सबझायफॉइड प्रोब आणि दाब देणाऱ्याचे हात यांची जी झोंबाझोंबी होते, ती इथे होत नाही. एक पथ्य: प्रोब छातीच्या खाली सरकवू नका. वरून ५ सेंमीचा दाब येतोय, खाली कडक प्रोब. बरगडी मोडते, नाहीतर तुमची बोटं चेंगरतात.

पण खरा उपाय अरेस्टच्या आधीचा आहे. रुग्ण पालथा घातला, सगळं स्थिर झालं की शांतपणे खिडकी शोधा, त्वचेवर खूण करा, खोली किती लागली ते चार्टवर लिहा आणि एक क्लिप सेव्ह करून ठेवा. या क्लिपची किंमत पुढे कळते. मध्यम ते तीव्र एआरडीएसमध्ये साधारण पाचातल्या एकाचं उजवं व्हेंट्रिकल आधीच ताणलेलं असतं. अरेस्टमध्ये ते मोठं दिसलं की लगेच "एम्बोलिझम, थ्रॉम्बोलिसिस द्या" (फुप्फुसात गुठळी अडकली, ती विरघळवणारं औषध द्या) अशी ओरड होते. जुनी क्लिप असेल तर कळतं की ते कालही तसंच होतं. शिवाय रक्त वाहायचं थांबलं की शिरांमधलं रक्त उजवीकडे साचतं आणि कुठल्याही कारणाच्या अरेस्टमध्ये ते फुगतं. डुकरांवरच्या प्रयोगांत ऑक्सिजनअभावी झालेल्या आणि पोटॅशियमने झालेल्या अरेस्टमध्येही हेच दिसलंय. फुगलेलं उजवं व्हेंट्रिकल आणि गुडघ्यामागची न मिटणारी शीर, हे दोन्ही मिळून काहीतरी म्हणतात. एकटं उजवं व्हेंट्रिकल काहीच म्हणत नाही.

कुंदा_आणि_चहा

वाचतोय, प्रचंड उपयोगी. रेसिडेंटचा प्रश्न: पाठीवर दाब द्यायचा तो नेमका कुठे? एका ठिकाणी 'दोन्ही पात्यांच्या मध्ये' लिहिलेलं असतं, दुसरीकडे 'त्याच्या खाली'. कोणतं खरं?

भूलदेणारा

@कुंदा, युरोपच्या २०२१ च्या सूचनांत 'पात्यांच्या मध्ये' आहे. पण २०१७ मध्ये पालथ्या रुग्णांच्या सीटी तपासून बघितलं, तेव्हा डाव्या व्हेंट्रिकलचा सगळ्यात मोठा छेद बहुतेकांत पात्यांच्या खालच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून ० ते २ मणके खाली सापडला. तळहाताची टाच त्या रेषेवर, मध्यभागी, असं धरलं तर दोन्हींच्या जवळ राहता. मात्र पोहणाऱ्याच्या स्थितीत वर नेलेल्या हाताच्या बाजूचं पातं फिरतं आणि त्याचं टोक बाहेर सरकतं. म्हणून हात खाली असलेल्या बाजूचं टोक बोटाने शोधा आणि तिथून आडवी रेषा धरा.

दाब खाली पोचतो की नाही हा दुसरा प्रश्न. छातीखाली मऊ उशी असेल तर ५ सेंमीतले दोन-तीन उशीच खाते. स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्याखाली एकाने मूठ ठेवायची, किंवा १ लिटरची सलाइनची भरलेली पिशवी सरकवायची. २००३ च्या एका छोट्या अभ्यासात, नेहमीचा सीपीआर निष्फळ ठरलेल्या ६ आयसीयू रुग्णांत पालथं करून दाब दिल्यावर सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब सरासरी ४८ वरून ७२ झाला, मीन (सरासरी दाब) ३२ वरून ४६. सहाच रुग्ण, त्यावर धर्म स्थापन करू नका. पण 'पाठीवरून दाब म्हणजे नाटक' हा समज खोटा आहे एवढं नक्की.

हात बरोबर जागी आहे का, हे सांगणारी सगळ्यात चांगली सोनोग्राफी म्हणजे टीईई, अन्ननलिकेत प्रोब घालून हृदय बघणं. पालथ्या रुग्णात तोंडाच्या वरच्या कोपऱ्यातून बाइट ब्लॉक घालून प्रोब जातो. दाब चालू असताना १२० ते १३५ अंशांच्या छेदात बघायचं: चिरडलं जातंय ते डावं व्हेंट्रिकल, की महाधमनीचं तोंड? तोंड चिरडलं जात असेल तर रक्त बाहेरच पडत नाही, हात थोडा खाली, कमरेकडे सरकवा. यात एक सेकंदही थांबावं लागत नाही. अडचण अशी की ईसोफॅगल व्हॅरिसेस (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा) असतील तर टाळावं लागतं आणि पालथ्या माणसात अरेस्टच्या मध्यात पहिल्यांदा प्रोब घालायला गेलात तर ट्यूब निघायची भीती. मोठ्या ऑपरेशनमध्ये आधीच घातलेला असेल तर सोनं.

इन्चार्ज_सिस्टर

सर लोकांनी सगळं लिहिलं, आता आमच्या बाजूचं थोडं लिहू काय?

पहिलं, भाषा. आपल्याकडे एका खाटेभोवती मराठी सिस्टर, कन्नड वॉर्डबॉय, केरळची स्टाफ नर्स आणि इंग्रजीत ओरडणारे डॉक्टर. "थांबा", "निल्लिसी", "होल्ड" हे तिन्ही एकदम कानावर आले की एक जण थांबतंय आणि दुसरा दाबतंय. शिफ्टच्या सुरुवातीला ठरवा: मोजणी कुठल्या भाषेत. ओंदु-एरडु-मूरु म्हणायचं तर सगळ्यांनी तेच. आणि वळवताना 'मूरु' म्हणत असताना वळवायचं की 'मूरु' झाल्यावर, हे सुद्धा ठरवा की वो! अर्ध्या सेकंदाच्या घोळात ट्यूब हातात येतीय.

दुसरं, ईसीजीचे इलेक्ट्रोड पाठीवर लावलेले असतात आणि डॉक्टरांना प्रोब ठेवायची असते नेमक्या त्याच जागी. पालथं घालतानाच ते खांद्यांवर आणि कमरेच्या बाजूला लावा, पाठीचा मधला पट्टा मोकळा ठेवा. हात ठेवायलाही लागतो, प्रोबलाही.

तिसरं, गादी. एअर गादीला लाल रंगाचा सीपीआरचा व्हॉल्व्ह असतो, बहुतेक डोक्याकडच्या बाजूला. तो ओढला की हवा जाते. नव्या स्टाफला तो कुठे आहे हेच माहीत नसतं. खाटेवर चढवताना दाखवून ठेवा.

चौथं, जेल. भरपूर जेल ओतायची हौस असते. डिफिबचा पॅड जवळ असेल आणि मध्ये जेलचा ओघळ असेल तर करंट कातडीवरून पळतंय. शॉकच्या आधी पुसा, टॉवेल हातात ठेवून उभं राहणारा माणूस ठरवा. आणि प्रोबची केबल आर्ट लाइनच्या (रक्तदाब मोजणाऱ्या धमनीतल्या नळीच्या) खालून जाते की वरून, ते बघा. वळवायच्या आधी प्रोब मशीनवर परत, मशीन दोन पावलं मागे. केबल गुंडाळून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) ओढलेली कुणालाच नको हाय.

मलप्रभाकाठ

सिस्टर, हे पहिल्या पोस्टमध्येच असायला हवं होतं. दंडवत.

ओटी_क्रमांक_तीन

आयसीयूचं झालं, मणक्याच्या ऑपरेशनचं वेगळं आहे. रुग्ण फ्रेमवर, पाठ उघडी, मध्ये चीर, कधी स्क्रू अर्धे बसवलेले. इथे कारणंही वेगळी: रक्तस्राव, आणि उघड्या शिरांतून हवा ओढली जाणं. ईटीसीओटू (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) एकदम कोसळला, सोबत बीपीही, तर सर्जनने आधी जखम सलाइनने भरायची, ओले पॅड टाकायचे, टेबल असं करायचं की जखम हृदयापेक्षा खाली येईल. टीईई आत असेल तर उजव्या बाजूला पांढऱ्या बुडबुड्यांचा बर्फ पडताना दिसतो. बाहेरून बघायचं तर एपिकल खिडकीतही उजव्या कप्प्यांत तेच दिसतं, पण फ्रेमच्या गाद्या नेमक्या तिथेच येतात.

दाब: चीर मध्यभागी असेल तर दोन्ही हात कण्याच्या दोन बाजूंना, चिरेवर निर्जंतुक पॅड. चीर बाजूला असेल तर नेहमीसारखा मध्ये.

पोटात रक्त आहे का हे बघणाऱ्यांना सावधान. मॉरिसन पाउच (यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट) उताण्या रुग्णात खोलगट जागा असते म्हणून तिथे रक्त साचतं. पालथ्यात ती जागा वर येते आणि रक्त पोटाच्या पुढच्या भिंतीकडे उतरतं. उजव्या कुशीतून यकृत-मूत्रपिंडामधली रेघ स्वच्छ दिसली, तरी पोट स्वच्छ आहे असं नाही. मणक्याच्या पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीला डिस्कच्या ऑपरेशनमध्ये इजा झाली तर रक्त पोटामागच्या भागात साचतं, ते फास्टमध्ये (पोटातलं रक्त शोधायच्या झटपट सोनोग्राफीत) तसंही नीट दिसत नाही. इथे प्रोबवर वेळ घालवण्यापेक्षा उताणं करून पोट उघडणं.

घटप्रभा_बायोमेड

मशीनच्या बाजूने. मोठं कार्ट मशीन बंद असेल तर चालू व्हायला मिनिटभर सहज जातं. आयसीयूचं मशीन पूर्ण बंद करू नका, स्टँडबायवर ठेवा आणि प्लग यूपीएसच्या सॉकेटमध्ये. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि बॅटरी दोन वर्षांत अर्धी झालेली असते, इंडिकेटर मात्र फुल दाखवतो. महिन्यातून एकदा प्लग काढून बॅटरीवर किती मिनिटं चालतं ते घड्याळ लावून बघा.

हातात धरायचे छोटे प्रोब चांगले, पण सलग चालवले की तापतात आणि स्वतःहून चित्र गोठवतात. कोडमध्ये (अरेस्टच्या धावपळीत) ते सतत लाइव्ह ठेवू नका. पॉजच्या आधी चालू, नंतर फ्रीझ.

क्लिपची सेटिंग बघून ठेवा. काही मशीन बटण दाबल्यानंतरचे ६ सेकंद सेव्ह करतात, काही दाबण्याआधीचे. 'आधीचे' अशी सेटिंग असेल आणि पॉज सुरू होताच बटण दाबलं, तर तुम्ही सेव्ह केलेत ते दाब चालू असतानाचे सहा सेकंद. असल्या क्लिपवरून "हृदय हलतंय" म्हणणारे भेटतात. 'कोड' नावाचं प्रीसेट करा: कार्डिॲक, १८ सेंमी, ६ सेकंद, नंतरचे.

आणि पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा) विसरू नका. मशीन कितीही लहान असो, नोंदणी लागतेच, आणि पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरायचं असा २०१२ चा नियम आहे. सीमेवर मोह होतो: चंदगड किंवा गडहिंग्लजच्या ओळखीच्या दवाखान्यातून दोन दिवस मशीन आणू. तसं चालत नाही. राज्य वेगळं, नोंदणी करणारा अधिकारी वेगळा, आणि मशीन जप्त झालं तर कोडमध्ये काय, कशातच उपयोगी पडत नाही.

कुंदा_आणि_चहा

पाठीवर स्लायडिंग नाही, बी-लाइन्स नाहीत, बॅग दाबायला जड जातेय, सगळं न्यूमोथोरॅक्सकडे बोट दाखवतंय. सुई कुठे? नेहमीची जागा, पुढून बरगड्यांमधली दुसरी फट, तर गादीखाली.

भूलदेणारा

बाजूने. चौथी-पाचवी फट, मिड ॲक्झिलरीच्या किंचित पुढे. सुईपेक्षा फिंगर थोराकोस्टॉमी बरी: ३ ते ४ सेंमीची चीर, बरगडीच्या वरच्या कडेवरून आर्टरी फोर्सेप, मग बोट. व्हेंटवरच्या रुग्णात पॉझिटिव्ह प्रेशर असल्याने हवा बाहेर पडते, ड्रेन नंतर. त्या बाजूचा हात वर असेल तर काख उघडी मिळते. खाली असेल तर एकाने हात बाहेर काढून धरायचा. आणि स्लायडिंग दोन्हीकडे नाही, तर दोन्हीकडे करा. स्क्रीनकडे बघत 'कुठली बाजू जास्त संशयास्पद' असं म्हणत बसू नका.

खानापूर_रोड

सगळं छान आहे, पण हे मोठ्या आयसीयूचं. तालुक्याच्या ठिकाणी रात्री तीन माणसं. एक दाबणार, एक बॅग, एक औषधं. प्रोब कोण धरणार? मला तर वाटतं अशा ठिकाणी पालथा अरेस्ट झाला की सोनोग्राफी विसरा.

मलप्रभाकाठ

आक्षेप योग्य. तीन माणसांत पहिली चार मिनिटं प्रोब नकोच. पण तीन माणसांत रुग्ण सुरक्षित वळवताही येत नाही, त्याला पाच-सहा लागतात, म्हणजे मदत येईपर्यंत तुम्ही पालथ्याच स्थितीत दाबत राहणार. त्या वेळात औषधं देणाऱ्या माणसाने दोन ॲड्रिनलिनच्या मध्ये एकदाच पाठीवर प्रोब टेकवला, दोन्ही बाजूंना, तरी पुरे. त्यात सापडला तर सापडणारा न्यूमोथोरॅक्स हा तिथल्या तिथे उपाय असलेला आजार आहे. बाकीचं सगळं सोडून द्या.

वळवायचं कधी, हे मात्र प्रोबने ठरवायचं नाही. ईटीसीओटू १० च्या वर येत नाही, किंवा आर्ट लाइनवर डायस्टॉलिक २५ च्या खाली राहतंय, किंवा ट्यूबची शंका आहे, आणि मिनिटाच्या आत वळवू शकणारी माणसं आलीत, तर वळवा. ईटीसीओटूचा वेव्हफॉर्म (आलेख) सपाट असेल तर ट्यूब जागेवर नाही असं धरा. फुप्फुसाचं कितीही सुंदर चित्र त्यावर उतारा नाही.

खानापूर_रोड

मान्य. मग मानेतल्या धमनीचं काय? ते तर एका हाताने होतं.

ईको_गल्ली

होतं, आणि बोटाने नाडी बघण्यापेक्षा बरं. पॉज आला की प्रोबने मानेवर हलका दाब द्या. आत रक्तदाब असेल तर धमनी गोल राहते, शीर मिटते. धमनीही शिरेसारखी चपटी होत असेल तर आत रक्तदाब नाही, दाबणं चालू ठेवा. शीर दाबांच्या तालावर जोरात फुगते, तिला नाडी समजू नका. सेंट्रल लाइन त्याच बाजूच्या मानेत असेल तर ड्रेसिंग आडवं येतं, मग काखेजवळ, वर नेलेल्या हाताच्या आतल्या बाजूला ब्रेकिअल बघा.

हृदयाच्या 'हालचाली'बद्दलही हेच. झडपांची नुसती फडफड म्हणजे हालचाल नव्हे. भिंत आकसली पाहिजे. २०१६ च्या ७९३ रुग्णांच्या अभ्यासात हालचाल नसलेल्यांतले ०.६ टक्के घरी गेले, असलेल्यांतले ३.८. ते सगळे हॉस्पिटलबाहेर किंवा इमर्जन्सी विभागात कोसळलेले, उताणे. व्हेंटवरच्या पालथ्या रुग्णाला तो आकडा जसाच्या तसा लावून थांबायचा निर्णय घेऊ नका.

इन्चार्ज_सिस्टर

ते खिडकीची खूण करायचं बोललात ना वर, त्याबद्दल. मार्करची खूण स्पंज बाथ आणि स्पिरिटने सकाळपर्यंत पुसली जाते. कोपऱ्यात खूण करून वर पारदर्शक ड्रेसिंगचा तुकडा चिकटवला तर टिकते. पण मग डॉक्टर प्रोब ठेवायला ते ड्रेसिंग उपटतात आणि खूणही जाते.

ईको_गल्ली

उपटायची गरज नाही सिस्टर. खाली हवेचा बुडबुडा नसेल तर पारदर्शक ड्रेसिंगमधून चित्र येतं, वर जेल लावायचं एवढंच. चिकटवताना मधून कडेकडे बोटाने दाबत न्या. आणि हात बदलून उजवा वर घेतलात की डावी छाती उशीत रुतते, ती खूण त्या तासांपुरती निरुपयोगी. चार्टवर दोन ओळी ठेवा: 'डावा हात वर' आणि 'उजवा हात वर'. दुसऱ्या ओळीत बऱ्याचदा 'खिडकी मिळत नाही' असंच लिहावं लागेल, तेही लिहा, म्हणजे कोडमध्ये कुणी शोधत बसणार नाही.